कॉपी-पेस्ट : मजकूर दुसऱ्याचा, जबाबदारी आपली

आज धर्मग्रामातील अनेक सूचना चर्चच्या फलकावर लागण्याआधीच आपल्या भ्रमणध्वनीवर येऊन पोहोचतात. मिस्साची बदललेली वेळ, नोव्हेनाचे दिवस, अंत्यविधीची सूचना, आजाऱ्यासाठी प्रार्थनेची विनंती, रक्तदानाचे आवाहन असा सारा मजकूर एका गटातून दुसऱ्या गटात जात असतो. त्यामागे पुष्कळदा एक साधी क्रिया असते : कॉपी-पेस्ट. ज्येष्ठ भाविकांपैकी अनेकांना ती अवघड वाटते आणि तरुणांना ती इतकी सोपी वाटते की तिचा विचारच केला जात नाही. या दोघांसाठीही आम्ही हा विषय येथे मांडत आहोत.

क्रिया कशी करावी?

पूर्वी संपादक मंडळी हस्तलिखिताचे तुकडे कात्रीने कापून ते डिंकाने दुसऱ्या कागदावर चिकटवत असत. संगणकावर हीच सोय १९७० च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी करून दिली. टेस्लर यांचे २०२० साली निधन झाले. त्यांनी रूढ केलेली पद्धत आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे.

हव्या असलेल्या मजकुरातील एखाद्या शब्दावर बोट क्षणभर दाबून ठेवावे. तो शब्द रंगीत होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना थेंबासारख्या दोन खुणा दिसतात. त्या बोटाने सरकवून मजकुराचा आरंभ व शेवट ठरवावा आणि वर दिसणाऱ्या पट्टीतील ‘कॉपी’ या शब्दाला स्पर्श करावा. नंतर जिथे मजकूर हवा आहे तिथल्या लिहिण्याच्या जागेवर पुन्हा बोट दाबून ‘पेस्ट’ निवडावे. व्हॉट्सॲपवर संदेशावर बोट दाबले असता संपूर्ण संदेश निवडला जातो. त्यातील थोडाच भाग हवा असेल, तर सर्व मजकूर पेस्ट करून नको तेवढा पुसणे सोयीचे ठरते.

कॉपी केलेला मजकूर फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे क्लिपबोर्डवर, राहतो. तिथे सामान्यतः एकाच मजकुराला जागा असते. दुसरे काही कॉपी केले की पहिले नाहीसे होते. त्यामुळे कधी कधी भलताच मजकूर भलत्या गटात जातो. पाठवण्यापूर्वी एकदा वाचून पाहणे हाच त्यावरचा उपाय. बँकेचा पासवर्ड किंवा पिन मात्र कॉपी करून ठेवू नये.

मराठी अक्षरांची अडचण

जुन्या पुस्तिकेतील प्रार्थना किंवा गीत कॉपी केले आणि पेस्ट करताच इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसला, असा अनुभव अनेकांना येतो. त्यात फोनचा दोष नसतो. पूर्वी मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये जुळवला जाई, त्यात आतून रोमन अक्षरेच असत आणि त्यांना केवळ देवनागरीचा आकार दिलेला असे. तो फॉन्ट नसेल तिथे मूळ अक्षरे उघडी पडतात. युनिकोड पद्धतीत मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कुठेही नेला तरी तसाच राहतो. छायाचित्रातील मजकूर थेट कॉपी होत नसेल, तर ‘गूगल लेन्स’ त्यातील अक्षरे ओळखून देते. परंतु त्यात काना-मात्रांच्या चुका होऊ शकतात, म्हणून मुळाशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

खूण पुसली जाते

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आलेला संदेश व्हॉट्सॲपवर ‘फॉरवर्ड’ केला, तर त्यावर तशी खूण उमटते. ही व्यवस्था जुलै २०१८ मध्ये सुरू झाली. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच व्यक्तींना किंवा गटांना संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली. यामागे दुःखद पार्श्वभूमी होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षुकी करून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. अशा अफवा त्या काळात फोनवरून गावोगावी फिरत होत्या.

तोच संदेश कॉपी करून पेस्ट केला, तर मात्र ही खूण लागत नाही. वाचणाऱ्याला तो आपणच लिहिला आहे असे वाटते. ‘फॉरवर्ड’ करताना आपण निरोप पोहोचवणारे असतो; पेस्ट करताना साक्षीदार होतो. आपल्याला ओळखणारा माणूस त्या मजकुरावर आपल्या नावामुळे विश्वास ठेवतो. खोटी साक्ष न देण्याची आठवी आज्ञा इथे आपल्या बोटाच्या टोकाशी येऊन उभी राहते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठी खोट्या बातम्यांचा विषय निवडला होता आणि एदेन बागेतील सर्पाच्या बोलण्यात त्यांनी अशा बातमीचे पहिले उदाहरण दाखवले होते.

याच्या उलट बाजूही आहे. दुसऱ्याची प्रार्थना, कविता किंवा प्रवचन नाव गाळून पेस्ट केले, तर त्या लेखकाचे श्रेय हिरावले जाते. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानेही लेखकाला आपल्या कृतीवर स्वतःचे नाव सांगण्याचा हक्क दिलेला आहे.

नकल करणाऱ्यांचे ऋण

नकल करणे हे मुळात हलके काम नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ व १६५४ साली छापले गेले, परंतु त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखित प्रतींमुळे. अशाच प्रतींच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापण्यात आला. सुमारे अकरा हजार ओव्या हाताने उतरवणाऱ्या त्या माणसांपैकी बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांनी ओवीन् ओवी वाचली, मग लिहिली. आपल्याला न वाचताही नकल करता येते, हाच आपल्या काळाचा धोका आहे.

म्हणून पेस्ट करण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत, असे आम्ही सुचवतो. हा मजकूर मी पूर्ण वाचला आहे का? तो खरा असल्याचे मला कोणाकडून कळले, आणि त्यातील तारीख, वेळ व दूरध्वनी क्रमांक अजून लागू आहेत का? ज्याने लिहिले त्याचे नाव सोबत आहे का? गेल्या वर्षीचे रक्तदानाचे आवाहन आज पुन्हा फिरले, तर ज्या घरचा रुग्ण केव्हाच देवाघरी गेला आहे, त्या घरातील फोन पुन्हा खणखणू लागतो. एका मिनिटाच्या तपासणीने त्या कुटुंबाचे दुःख टळू शकते.

शब्द देवाने दिलेले दान आहे. तो पुढे देताना आपणही त्याची राखण करावी, एवढीच आमची विनंती.