पांढऱ्या पेशींच्या आकड्याचा मागोवा

१९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र चालू झाले तेव्हा बोईसरलगतच्या बेटेगावात जे ऐन पंचविशीत होते, ते आता ऐंशीच्या घरात आले असून, त्यांच्या औषधांच्या पिशवीत रक्ततपासणीचे जे जुने कागद घडी करून ठेवलेले असतात, त्यांतील पांढऱ्या पेशींचा आकडा बहुधा तापाच्या निमित्तानेच पाहिला गेलेला असतो. ४,००० ते ११,००० या मर्यादेत तो बसला की कागद दप्तरी दाखल होतो.

पूर्वी हा आकडा डोळ्यांनी काढीत. बारीक नळीत ०.५ च्या खुणेपर्यंत रक्त ओढावयाचे, ११ च्या खुणेपर्यंत टर्कचे द्रावण भरावयाचे, त्यातील आम्लाने तांबड्या पेशी विरल्या की आखीव काचेवर थेंब सोडून चार कोपऱ्यांतील पेशी मोजावयाच्या आणि बेरजेस ५० ने गुणावयाचे. १२० भरल्या तर ६,०००. अशा या सामान्य मोजणीत हृदयविकाराची पूर्वसूचना असते, हे १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात गॅरी फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले: ज्यांना पुढे झटका आला, त्यांच्या आधीच्या तपासणीतच हा आकडा इतरांपेक्षा चढा होता. धूम्रपानाने आकडा वाढतो, हे त्याचे एक मोठे कारण खरे; पण रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेला मेद गिळून फुगणाऱ्या आणि तेथील दाह धुमसत ठेवणाऱ्या पेशीही याच कुळातल्या, हे पुढील संशोधनाने क्रमाक्रमाने सिद्ध केले.

वृद्धांच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०१७ सालचा सिद्धार्थ जैस्वाल यांचा शोध. वार्धक्यात अस्थिमज्जेतील एखाद्या मूळ पेशीत बिघाड होऊन तिचाच वंश रक्तात माजतो आणि अशा व्यक्तींना हृदयधमनीच्या विकाराचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. आणि हे घडत असता एकूण गणना मात्र साधारण दिसू शकते. त्याच वर्षी कॅनाकिनुमॅब या औषधाने दाह शमवून हृदयाचे झटके घटविले, पण प्राणघातक जंतुसंसर्ग वाढविले. या पेशी शरीराचे पहारेकरी असल्यामुळे त्यांचा आकडा औषधाने पाडणे हा उपाय नव्हेच. दाह शमविणे मात्र उपयोगी पडते: २०२० मध्ये कोल्चिसिन या दाहशामक औषधाच्या रोजच्या अर्ध्या मिलिग्रॅमने हृदयरोग्यांना लाभ झाला. हे द्रव्य कोकणात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत असते, परंतु तिचा कंद जहाल विष आहे, हे येथे निक्षून सांगितलेच पाहिजे.

आकडा औषधाने पाडावयाचा नसला तरी तो का चढला याचे कारण शोधता येते; म्हणून वृद्धांचे जुने कागद टाकू नयेत, वर्षावार लावून ठेवावेत, असे मला मनापासून वाटते. पूर्वी ६,००० वर स्थिर असलेला आकडा ताप नसताही ९,००० वर मुक्काम करू लागला, तर तो मर्यादेत आहे एवढ्यावर समाधान न मानता बिडी-तंबाखू, हिरड्यांतील पू, साखर, पोटाचा घेर आणि चालू असलेले स्टेरॉइड यांची चौकशी डॉक्टरांकडून करून घ्यावी.