विसरण्यावरची गोळी काय करते?

आजी नातवाचं नाव विसरते, पण लहानपणीची ओवी तिला अख्खी आठवते. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या पेशींच्या फांद्या झडत जातात, पेशींना जोडणारे सांधे तुटतात. त्या सांध्यांमधल्या फटीतून निरोप नेणारं असेटिलकोलीन हे रसायनही कमी पडतं. एरवी निरोप पोचला, की एक एन्झाइम ते लगेच मोडून टाकतं. १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली डोनेपेझिल ही गोळी त्या एन्झाइमला अडवते. फळा पुसणाऱ्याने जरा हात आवरला, की अक्षरं जास्त वेळ दिसतात, तसंच हे. झडलेली फांदी मात्र ती पुन्हा फुटवत नाही. आजी पूर्ववत होईल, अशी आशा धरू नका. पण डॉक्टरांना न विचारता गोळी बंदही करू नका.