पाटी गटाची, काम एकट्याचे

आपल्याकडे शेतकरी गटांची वानवा नाही. 'आत्मा'त नोंदलेले गट आहेत, महिला बचत गट आहेत, अलीकडे शेतकरी उत्पादक कंपन्याही झाल्या. गावात शिरताना एखाद्या भिंतीवर गटाचे नाव रंगवलेले दिसते. आत जाऊन विचारपूस केली की बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येते, "आमचं सगळं अध्यक्षच बघतात."

हे वाक्य कौतुकाने बोलले जाते. मला मात्र ते ऐकले की काळजी वाटते. बँकेत अध्यक्ष जाणार, बियाण्या-खताचा भाव अध्यक्ष करणार, तालुक्याला अर्ज अध्यक्ष देणार, साहेब आले की बोलणारही अध्यक्षच. बाकीचे एकोणीस जण नुसते सह्यांचे धनी. मग दोन-तीन वर्षांनी अध्यक्षांच्या घरी लग्नकार्य निघते, नाहीतर दुखणे निघते, नाहीतर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोणाशी वाकडे येते, आणि गट तिथेच बसतो. लोक म्हणतात पैशाअभावी बुडाला. पैसा पुष्कळदा खात्यात पडून असतो. दुसरा माणूस तयार झालेला नसतो, ही खरी अडचण.

माणूस तयार करण्याची एक रीत शेतीतच सापडली, तीही परदेशात. इंडोनेशिया १९८४ मध्ये भाताच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला होता. पण दोनच वर्षांत तपकिरी तुडतुड्यांनी तिथली भातशेती धोक्यात आणली. सरकार कीटकनाशकांवर भरपूर अनुदान देत होते आणि शेतकरी फवारत होते. फवारणीने तुडतुडे खाणारे कोळी मरत, तुडतुड्यांची अंडी मात्र पानाच्या आवरणात सुरक्षित राहत. जितकी फवारणी जास्त तितके तुडतुडे जास्त, असा उलटा हिशेब झाला. नोव्हेंबर १९८६ मध्ये अध्यक्ष सुहार्तो यांनी भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली. पुढे अनुदानही काढून घेतले.

बंदी घालणे सोपे. पण लाखो शेतकऱ्यांना रोज बांधावर जाऊन कोण सांगणार, आज फवारा, उद्या नको? तेव्हा १९८९ पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. एका शाळेत वीस-पंचवीस शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, लावणीपासून काढणीपर्यंत. पाच-पाच जणांच्या टोळ्या चिखलात उतरून ठरावीक रोपे तपासायच्या. कीड किती, मित्रकीटक किती, पाणी किती, हे मोजून मोठ्या कागदावर चित्र काढायचे. मग टोळीतल्या एकाने सर्वांसमोर उभे राहून सांगायचे की आमच्या मते या आठवड्यात काय करावे. पुढच्या आठवड्यात बोलणारा दुसरा.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे शिकवणाऱ्यावर घातलेले बंधन. शेतकऱ्याने किडा दाखवून "हा कोणता?" असे विचारले, तर त्याने लगेच नाव सांगायचे नाही. कुठे सापडला, काय करत होता, आजूबाजूला आणखी काय होते, असे उलट विचारायचे. वाद पडला तर रोपावर जाळी बांधून आत कोळी आणि तुडतुडे सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी मोजायचे. आम्ही पदविकेला असताना पेटीतल्या टाचणीला टोचलेल्या किडी पाहून नावे पाठ केली. परीक्षेपुरती ती राहिली. ज्याने कोळ्याला तुडतुडा खाताना पाहिले, त्याला नाव आठवले नाही तरी चालते.

आपल्या शेतकऱ्याला ही रीत आधी रुचत नाही, हेही सांगायला हवे. एका शेतीशाळेत मी "तुम्हाला काय वाटतं?" असे विचारले, तर एक आजोबा म्हणाले, "मला ठाऊक असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं, साहेब?" सगळे हसले. पण थोड्या वेळाने त्यांनीच बोंड फोडून अळी कोणत्या कप्प्यात आहे ते दाखवले. विषबाधेचा किंवा औषधाच्या मात्रेचा प्रश्न आला की मात्र उलट प्रश्न करत बसू नये, तिथे सरळ उत्तर द्यावे.

कापसाचेच घ्या. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात शेतेच्या शेते पोखरली. बीटी वाणात बोंडअळी येणार नाही, या भरवशावर कोणी बोंड फोडून पाहिले नव्हते. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. न मोजता फवारले तर काय होते ते तेव्हा दिसले.

मोजायचे कसे, हे आता सर्वांना सांगून झाले आहे. एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून त्यात दोन किडकी निघाली, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. सांगणे एवढेच आहे. दर आठवड्याला हे करणार कोण, तिथे घोडे अडते. गटप्रमुख म्हणतो, मीच करतो. दोन आठवडे करतोही.

आमच्या भागातल्या एका गटाने हे काम मुद्दाम बैठकीत कधी तोंड न उघडणाऱ्या सभासदाला दिले. अट एकच, आकडे वाचून दाखवायचे आणि फवारायचे की नाही हे त्यानेच आधी सांगायचे. पहिल्या दोन बैठकांत तो वही अध्यक्षांकडे सरकवत होता आणि अध्यक्ष ती परत त्याच्याकडे सरकवत होते. तिसऱ्या वेळी त्याने वाचले. पुढे एकदा वहीत सगळ्या सापळ्यांपुढे चार, चार, चार असे आकडे आले. घरी बसून भरलेले आकडे लगेच ओळखू येतात. अध्यक्षांनी चारचौघांत काही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर शेतात गेले आणि म्हणाले, "चल, दोघं मिळून मोजू." त्यानंतर तशी वही आली नाही. अध्यक्षाने चूक चालवून घेतली नाही आणि माणसाची फजितीही केली नाही. हे जमणे अवघड आहे. पुष्कळ प्रमुख एक तर रागावतात, नाहीतर "जाऊ द्या, मी बघतो" म्हणून काम काढून घेतात. काम काढून घेतले की त्या माणसाने पुन्हा पुढे येण्याची आशा सोडावी.

त्याच गटात डोमकळ्या पहिल्यांदा दिसल्या त्या निंदणीला गेलेल्या बायकांना. फुलाच्या पाकळ्या गुलाबकळीसारख्या मिटून राहतात, आत अळी असते. त्यांनी घरी सांगितलेही होते. पण गटाची बैठक रात्री आठला देवळाच्या ओट्यावर, तिथे बायका कशाला येतील? वेळ सकाळची केली, जागा शेतात केली, तेव्हा त्या आल्या आणि पुरुषांपेक्षा झटपट बोंडे निवडू लागल्या. बँकेच्या कामाची तीच गोष्ट. पहिल्यांदा सभासदाबरोबर आत जावे, दुसऱ्यांदा बाहेर चहाच्या टपरीवर थांबावे, तिसऱ्यांदा गावातच राहावे.

सरपंच मंडळींनी पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा आठवावी. २०१६ मध्ये ती वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत झाली आणि कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव पहिले आले. गावातली मोजकी माणसे शिकून परत यायची, आणि मग उतार मोजणे, चर आखणे, लोकांना घराबाहेर काढणे हे सारे त्यांनीच करायचे. शिकवणारे येऊन कुदळ मारत नव्हते. स्पर्धेचा ज्वर ओसरला की काही गावे थंडावतात, हे मी पाहिले आहे. पण ज्याने एकदा समपातळी रेषा आखली, त्याला पुढच्या कामात इंजिनिअरपुढे बोलायला भीती वाटत नाही. २०२२ पासून याच संस्थेने गटशेतीसाठी फार्मर कप सुरू केला, त्यातही गटाला एकत्र काम करून दाखवावे लागते.

आम्हा अधिकाऱ्यांचेही थोडे बोलले पाहिजे. वर्ग झाला, फोटो निघाला, हजेरीवर सह्या झाल्या की शेतीशाळा पूर्ण, असा प्रघात पडला आहे. अशा शाळेत अधिकारी तासभर बोलतो आणि शेतकरी ऐकतात. पुढच्या वेळी भेट देणाऱ्या वरिष्ठांनी अध्यक्षांना बाजूला बसवावे आणि मागच्या रांगेतल्या सभासदाला वही उघडायला सांगावी. गट चालतो की नाही, ते दहा मिनिटांत कळेल.

पेरणीआधीच्या बैठकीत गटाची सगळी कामे एका कागदावर लिहून काढा. सापळे, बोंडे, बँक, बियाण्याची खरेदी, मजुरांच्या फवारणीच्या साहित्याची तपासणी, आलेल्या अधिकाऱ्याशी बोलणे. प्रत्येकाने आजवर न केलेले एक काम उचलावे आणि त्यापुढे त्याचे नाव घालावे. अध्यक्षांचे नाव शेवटी, तेही एकाच कामापुढे. सापळे पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी लावायचे असतात, म्हणजे वही घालून द्यायला आणि मोजायला शिकवायला दीड महिना हातात आहे.