हात लागला म्हणून पिल्लू वाळीत पडत नाही

उन्हाळा सुरू झाला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गच्चीवर, अंगणातल्या जास्वंदीखाली पक्ष्यांची पिल्ले सापडू लागतात. भोवती घोळका जमतो आणि त्यातला एक जण अधिकारवाणीने सांगतो, ‘‘अरे, हात लावू नका! माणसाचा हात लागला की चिमण्या त्याला टोचून मारतात.’’ सांगणारे आजोबा असोत, वॉचमन असो किंवा जीवशास्त्राचे शिक्षक, वाक्य तेच. असे टोचून मारताना तुम्ही स्वतः पाहिले आहे का, असे विचारले की उत्तरही तेच येते : ‘‘पाहिले नाही, पण असते तसे.’’

तसे नसते. आणि हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण या एका वाक्यामुळे दरवर्षी धडधाकट पिल्ले मरतात. काही जण ‘आता शिवलो, आता आई घेणार नाही’ म्हणून पिल्लू घरात आणून खोक्यात वाढवायला घेतात. काही जण ‘शिवायला नको’ म्हणून ते मांजरासमोर तसेच पडू देतात. दोन्हीकडे पिल्लू जाते, आणि दोन्हीकडे आपण योग्यच वागलो असे माणसाला वाटत राहते.

या समजुतीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक, माणसाचा वास पिल्लाला चिकटतो आणि आईला तो कळतो. दोन, तो कळला की सगळा थवा मिळून पिल्लाला वाळीत टाकतो. दुसरी गोष्ट आधी निकालात काढू. वाळीत टाकणे ही माणसांची रीत आहे. तिच्याविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली कायदा करावा लागला. चिमण्यांमध्ये जातपंचायत भरत नाही.

आता वासाचे. पक्ष्यांना वास येतच नाही असे काही जण उलट टोकाला जाऊन सांगतात, तेही खरे नाही. न्यूझीलंडच्या किवीच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाशी असतात आणि तो जमिनीतले किडे हुंगून शोधतो. समुद्रावर भटकणारे अनेक पक्षी अन्नाचा माग वासावरून काढतात. पण वास येणे वेगळे आणि त्या वासापायी पोटचे पिल्लू टाकणे वेगळे. एका वीणीमागे पक्ष्यांच्या जोडीची केवढी शक्ती खर्च होते! घरटे बांधायचे, अंडी घालायची, ती उबवायची आणि मग पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंत अळ्या आणि किडे आणून भरवायचे. एवढी गुंतवणूक बोटांच्या वासावरून सोडून देणारा पक्षी टिकलाच नसता.

पुरावा हवा असेल तर तो शंभर वर्षांहून जुना आहे. पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालून त्यांचा अभ्यास करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत डेन्मार्कचे शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी १८९९ साली सुरू केली. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ साली हे काम हाती घेतले, आणि सालिम अली यांच्या पुढाकाराने १९५९ पासून ते मोठ्या प्रमाणावर झाले. जगभर हे काम करणारे अभ्यासक घरट्यातली पिल्लेही हातात घेतात, त्यांचे वजन करतात, पंख मोजतात, पायात कडी घालतात आणि त्यांना परत घरट्यात ठेवतात. आईबाप पुन्हा भरवू लागतात, पिल्ले मोठी होऊन उडतात आणि पुढे कुठेतरी त्याच कडीसह सापडतात. माणसाच्या स्पर्शाने पिल्ले टाकली जात असती, तर पक्षिशास्त्राची ही अख्खी शाखा पहिल्याच वर्षी बंद पडली असती.

एवढे लांब जायचे नसेल तर दारातल्या झाडाकडे बघा. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि कावळा ते पिल्लू आपले म्हणून वाढवतो. पावशाचे पिल्लू तर सातभाईंच्या घरट्यात वाढते. दिसायला, ओरडायला सर्वस्वी परके, तरी ‘भाई’ त्याच्यामागे दिवसभर चारा घेऊन धावतात. घरट्यात मागणारी उघडी चोच दिसली की भरवायचे, हा पक्ष्यांचा स्वभावच आहे. जो पक्षी परजातीचे पिल्लू ओळखत नाही किंवा ओळखूनही भरवतो, तो आपल्या पिल्लाला तुमच्या साबणाचा वास येतो म्हणून ठार मारील?

मग लोकांना ही समजूत खरी का वाटते? पिल्लू उचलून परत ठेवल्यावर माणसे तिथेच उभी राहतात. कुणी मोबाइल काढतो, कुणी शेजाऱ्यांना बोलावतो. आई समोरच्या तारेवर चोचीत अळी धरून बसलेली असते, पण माणसे हलत नाहीत तोवर ती खाली येत नाही. तासाभराने निष्कर्ष निघतो : ‘बघा, टाकले.’ दुसरे, उघड्यावरचे अशक्त पिल्लू कावळे खरोखरच टोचतात. पण ते आपले पिल्लू नव्हे, दुसऱ्याचे. तो त्यांचा घास असतो. त्याला हात लागला होता की नाही याच्याशी कावळ्याला काही देणेघेणे नसते. तिसरे, कावळ्याचे पिल्लू कुणी उचलले की कावळे कालवा करत झेपावतात. ती झेप पिल्लावर नसते, तुमच्यावर असते. ते पिल्लाला वाचवत असतात.

समजुतीत सत्याचा अंश किती, तेही सांगायला हवे. घरटे बांधले जात असताना किंवा अंडी नुकतीच घातलेली असताना कुणी वारंवार डोकावले, फांद्या बाजूला केल्या, तर काही पक्षी ते घरटे सोडतात. पण ते वासाने नव्हे, भीतीने. तेव्हा कुंडीतल्या बुलबुलाच्या घरट्याचे रोज फोटो काढणाऱ्यांनी हा अंश आपल्याकडे ठेवावा. खाली पडलेल्या पिल्लाला मात्र तो लागू नाही.

तर पिल्लू सापडले की पहिला प्रश्न ‘हात लावू का?’ हा नाही. पहिला प्रश्न ‘याला पिसे आहेत का?’ हा आहे.

अंगावर पिसे आलेली आहेत, शेपूट आखूड आहे, ते उभे राहते, टुणटुण उड्या मारते आणि तुम्ही जवळ गेलात की सटकते, असे पिल्लू बहुधा ‘पडलेले’ नसतेच. बुलबुल, दयाळ, चिमणी यांची पिल्ले अंड्यातून आल्यावर साधारण दोन आठवड्यांत घरट्याबाहेर पडतात आणि तेव्हा त्यांना धड उडता येत नाही. पुढचे काही दिवस ती झुडपात आणि जमिनीवर काढतात. आईबाप त्यांना तिथेच येऊन भरवतात. अशा पिल्लाला फक्त वाहनांपासून आणि मांजरापासून दूर, जवळच्या झुडपात किंवा फांदीवर ठेवायचे आणि आपण घरात जायचे. कुत्रा-मांजर थोडा वेळ बांधून ठेवता आले तर उत्तम. याला घरी नेणे म्हणजे सरळ सांगायचे तर अपहरण आहे.

पिसे फुटलेली नसतील, कातडी गुलाबी दिसत असेल, डोळे मिटलेले असतील, तर ते खरोखर पडले आहे. घरटे दिसत असेल आणि हात पोचत असेल तर उचला आणि परत ठेवा. होय, हातानेच. पिल्लू गार लागत असेल तर आधी ओंजळीत धरून ऊब द्या. घरटे मोडले असेल तर लहान टोपली किंवा बुडाला भोके पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सुके गवत किंवा जुने घरटेच घाला आणि त्याच झाडावर सावलीत घट्ट बांधा. मग लांब जा, शक्यतो खिडकीआड, आणि तास-दोन तास नजर ठेवा. पिल्ले ओरडतात, आईबाप आवाजाच्या रोखाने येतात. ते आलेच नाहीत किंवा पिल्लू जखमी असेल, तरच पुढची मदत शोधायची.

बाकीच्या समजुती थोडक्यात उरकू.

‘आधी चोचीत पाणी घाला.’ नको. श्वासनलिकेचे तोंड पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच असते. चमच्याने किंवा ड्रॉपरने ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते आणि तुम्ही वाचवायला निघालेला पक्षी तुमच्या हातात गुदमरतो. पिल्लांना पाणी अन्नातूनच मिळते. शुद्धीवरच्या मोठ्या पक्ष्यासमोर उथळ वाटी ठेवा, तो स्वतः पिईल.

‘दूध-पोळी, दूध-ब्रेड चालते.’ चालत नाही. पक्षी सस्तन नाहीत, त्यांना दुधातली साखर पचत नाही. कबुतरे पिल्लांना ‘दूध’ पाजतात हे खरे, पण तो त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा स्राव असतो. त्याचा डेअरीशी संबंध नाही.

‘चिमणी दाणे खाते, पिल्लाला तांदूळ द्या.’ मोठी चिमणी दाणे टिपते, पण पिल्लांना प्रामुख्याने किडे-अळ्या भरवते. पक्षी कोणता हे ठाऊक नसताना काहीही भरवू नका. काही तासांच्या भुकेपेक्षा चुकीचा घास जास्त घातक असतो.

‘जखमेवर हळद दाबा, तेल लावा.’ तेलाने आणि मलमाने पिसे चिकटतात, अंगाची ऊब टिकत नाही. हळदीचा लेप वाळला की जखम दिसत नाही आणि डॉक्टरांना आधी तो काढत बसावे लागतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने काही मिनिटे हलके दाबून धरा. बस.

‘मांजराने नुसते धरले होते, जखम दिसत नाही.’ ती पिसांखाली असते. मांजराच्या दातांतल्या जिवाणूंमुळे पक्ष्याच्या रक्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो. मांजराच्या तोंडून सुटलेला पक्षी ठीक दिसला तरी त्याला डॉक्टरांकडे न्या, त्याला प्रतिजैविक लागते.

‘हवेत उडवून द्या, आपोआप उडेल.’ उडता येत असते तर तो तुमच्या हाती लागला नसता. पाकोळीचे पाय मात्र इतके तोकडे असतात की सपाट जमिनीवरून झेप घेणे तिला जड जाते. ती जखमी नसेल तर मोकळ्या जागी उघड्या तळहातावर उंच धरा. भिरकावू नका, जायचे तेव्हा ती जाईल.

‘मांजा ओढून काढला की झाले.’ नायलॉन आणि इतर कृत्रिम मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर तो झाडांवर लोंबत असतोच. अडकलेला दोरा ओढला की पंखाचे स्नायू आणखी कापले जातात. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा आणि पंखात रुतलेला तुकडा डॉक्टरांसाठी तसाच ठेवा.

‘शांत बसलाय, माणसाळला.’ तो भेदरलेला असतो. त्याला कुरवाळणे, पोरांच्या हाती देणे, सेल्फी काढणे म्हणजे त्या भीतीत भर. भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला सुती कापड, वर झाकण, अंधार आणि शांतता हाच त्याचा प्रथमोपचार. काचेवर आपटून सुन्न झालेले पक्षी पुष्कळदा एवढ्यावर तासा-दोन तासांत सावरतात.

‘घुबड घरात आले, आता काहीतरी वाईट होणार.’ झाले तर उंदरांचे होईल. दिवसा त्याला दिसत नाही हेही चूक, चांगले दिसते. ते दिवसा आडोसा शोधते, कारण कावळे त्याला छळतात. अंधार पडेपर्यंत खिडकी उघडी ठेवा, धडधाकट असेल तर आपले आपण जाईल. उचलावे लागले तर जाड टॉवेल टाकूनच उचला, नख्या धारदार असतात. बगळा, वंचक यांना धरताना तोंड लांब ठेवा, ते डोळ्यांवर चोच मारतात.

‘जखमी पक्षी म्हणजे बर्ड फ्लू.’ एकटादुकटा पक्षी बहुतेक वेळा मांजर, मांजा, काच किंवा उन्हाने पडतो. मात्र एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. पक्षी कोणताही असो, नंतर हात साबणाने धुवा.

‘पोपटाचे पिल्लू आयते मिळाले, पाळू या.’ आणि याच्या नेमके उलट, ‘हात लावला तर पोलीस केस होईल.’ दोन्ही चूक. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडचे रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. संरक्षित पक्षी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्यांना कळवावे लागते. उपचारासाठी उचलून लगेच सुपूर्द करणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. अडचण येते ती ठेवून घेणाऱ्याला.

कायदा बाजूला ठेवला तरी घरी वाढवण्याचा सोस करू नये. किडेखाऊ पिल्लाला दिवसभर दर अर्ध्या तासाने भरवावे लागते. ते जगलेच तर माणसालाच आपला समजू लागते, भक्षक ओळखत नाही आणि सोडल्यावर टिकत नाही. पिल्लाला भक्ष्य शोधायला आणि घाबरायला त्याचे आईबापच शिकवू शकतात.

महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक आहेच. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. इतरत्र वनविभागाचे कार्यालय, सर्पमित्र-पक्षिमित्र किंवा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आपल्या गावातल्या अशा एका तरी माणसाचा क्रमांक आजच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा, कारण पक्षी सापडल्यावर शोधाशोध करण्यात जो तास जातो, तोच त्याच्या कामाचा असतो.