परदेशीं पशुवैद्यकीचें शिक्षण : उद्योग बदलणाऱ्यांनीं आधीं काय पाहावें

शेतकी पदवीधर, सोसायटीचे सचिव, दूध-संघांतील कारकून, शाळामास्तर अशा निरनिराळ्या उद्योगांत पडलेल्या व पोटापुरतें मिळवूं लागलेल्या तरुणांच्या मनांत, वयाची अठ्ठावीस-तीस वर्षें उलटल्यावर, गुरांचा डॉक्टर होण्याची इच्छा उत्पन्न होते व त्यासाठीं ते परदेशीं जाण्याचा विचार करूं लागतात, असें सभासदांच्या पत्रांवरून अलीकडे वारंवार दिसून येतें. इच्छा स्तुत्य आहे. तिची थट्टा करण्याचें कारण नाहीं. ज्या घरांत दुभतें जनावर दगावल्यामुळें एका रात्रींत वर्षाचा हप्ता बुडाला, त्या घरांतील मुलाला हा धंदा कां मोलाचा वाटतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु या मार्गावर खर्च होणारी रक्कम एवढी मोठी आहे कीं, बहुतेक शेतकरी कुटुंबांना ती जमिनीला हात लावल्यावांचून उभी करतां येत नाहीं. म्हणून हा विषय थोडा विस्तारानें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम घरची गोष्ट. मुंबईस १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. आज नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथेंही अशीं महाविद्यालयें आहेत व तीं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखालीं चालतात. आपल्याकडील पदवीचा अभ्यासक्रम एका वर्षाच्या प्रत्यक्ष उमेदवारीसह साडेपांच वर्षांचा आहे. प्रवेश ‘नीट’ परीक्षेवरून मिळतो व त्यास बारावीला पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हे विषय असावे लागतात. दुसऱ्या विषयाची पदवी हातीं असल्यामुळें या मुदतींत सूट मिळत नाहीं. शेतकीचा पदवीधर असला तरी त्यानें सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या शेजारीं बसून पहिल्या वर्षापासूनच आरंभ करावयाचा. परदेशांत कांहीं ठिकाणीं पदवीधरांसाठीं चार वर्षांचा निराळा अभ्यासक्रम असतो, आणि प्रौढ विद्यार्थ्याला ओढ लागते ती याचीच. तथापि ज्याच्या बारावीच्या विषयांत जीवशास्त्र होतें व ज्याला अखेर आपल्याच तालुक्यांत काम करावयाचें आहे, त्यानें ‘नीट’ची तयारी एकदां नेटानें करून पाहावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. दीड वर्ष अधिक जाईल, पण खर्चांत जमीन-अस्मानाचें अंतर पडेल. शिवाय येथील पदवी घेऊन मग बाहेर जाण्याची वाट बंद होत नाहीं. अमेरिकेंत परदेशी पदवीधरांची पात्रता ठरविण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे, व ब्रिटनमध्यें रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स ही संस्था अशांची परीक्षा घेते. या परीक्षा कठीण आहेत हें खरें. पण त्यांत नापास झालेल्याच्या हातीं निदान येथील पदवी तरी राहते.

आतां ज्यांचा परदेशीं शिकण्याचाच निश्चय आहे त्यांच्याविषयीं. त्यांनीं विद्यालयाचें नांव निवडण्यापूर्वीं एका प्रश्नाचा निकाल लावावा: पदवी मिळाल्यावर काम कोणत्या देशांत करावयाचें? पशुवैद्यकीचा परवाना ज्या त्या देशाच्या कायद्यानें मिळतो. एका देशाची पदवी दुसऱ्या देशांत आपोआप चालते असें नाहीं. ब्रिटनमध्यें १९६६ च्या कायद्याप्रमाणें वर सांगितलेल्या रॉयल कॉलेजच्या पटावर नांव असल्याशिवाय हा धंदा करतां येत नाहीं. (हें ‘कॉलेज’ शिकविणारें नव्हे, पट ठेवणारें आहे, लंडनचें शिकविणारें रॉयल व्हेटरनरी कॉलेज निराळें. नांवांच्या साम्यामुळें पुष्कळांचा घोंटाळा होतो.) पट म्हणजे काय चीज आहे याचें उदाहरण पाहावयाचें तर अ‍ॅलीन कस्ट या बाईंचें पाहावें. त्यांनीं एडिंबरो येथें १९०० सालीं शिक्षण पुरें केलें होतें, परंतु स्त्री म्हणून त्यांना पटावर घेतलें गेलें तें १९२२ सालीं. अमेरिकेंत सर्व देशाची एक परीक्षा उतरून शिवाय ज्या राज्यांत राहावयाचें त्या राज्याचा परवाना घ्यावा लागतो.

आणि भारतांत? येथें १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा लागू आहे. या कायद्याला अनुसूची जोडलेल्या आहेत. पहिलींत येथील पदव्या आहेत, दुसरींत परदेशी. ज्या पदवीचें नांव तेथें नाहीं, तिच्या बळावर परत आल्यावर नोंदणी होईलच असें कोणीं धरून चालूं नये. नोंदणी नाहीं तर दवाखाना नाहीं, सरकारी नोकरी नाहीं, विमा कंपनीस चालणारा दाखला नाहीं. म्हणून विद्यालयाकडे पैसे भरण्यापूर्वीं, त्या विद्यालयाचें व पदवीचें पुरें नांव लिहून, भारतीय पशुवैद्यक परिषदेस पत्र घालावें व उत्तर लेखी घ्यावें. प्रवेश मिळवून देणाऱ्या दलालाच्या तोंडच्या ग्वाहीवर विसंबूं नये. त्याला मोबदला जाण्याचा मिळतो, परत येण्याचा नव्हे.

विद्यालयांची निवड या प्रश्नाच्या उत्तरावरून करावी. लंडनचें रॉयल व्हेटरनरी कॉलेज १७९१ सालचें, आणि विल्यम डिक यानें एडिंबरोस काढलेलें विद्यालय १८२३ सालचें. या दोन्ही ठिकाणीं व ब्रिस्टल येथें पदवीधरांसाठीं चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यास पूर्वीची पदवी जीवशास्त्राशीं वा पशुविज्ञानाशीं संबंध असलेली व चांगल्या श्रेणींतील लागते. इतर ब्रिटिश विद्यालयांत साधारणतः पांच वर्षें लागतात, केंब्रिजला सहा. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न व सिडनी येथें पदवीधरांसाठीं चार वर्षांचा क्रम आहे. अमेरिकेंत हें शिक्षण सर्वसाधारणपणें चार वर्षांचेंच, पण तें आधींच्या महाविद्यालयीन अभ्यासावर उभारलेलें. तेथें पूर्वीच्या पदवीच्या नांवापेक्षां ठराविक विषय पुरे झाले आहेत कीं नाहींत हें पाहतात, आणि सरकारी विद्यालयें आपल्या राज्यांतील रहिवाशांना अग्रक्रम देतात. बुडापेस्टचें विद्यालय १७८७ पासूनचें. तेथें इंग्रजींतून साडेपांच वर्षांचा अभ्यासक्रम आहे व फी ब्रिटनच्या मानानें पुष्कळच कमी आहे. लंडन, एडिंबरो, ग्लासगो, सिडनी व मेलबर्न येथील विद्यालयांना अमेरिकेच्या पशुवैद्यक संघाचीही मान्यता आहे, त्यामुळें तेथील पदवीधराला अमेरिकेची परीक्षा थेट देतां येते. ज्याचा देश अद्याप मनाशीं पक्का ठरला नसेल, त्याला अशा दुहेरी मान्यतेचा फार उपयोग.

विषयांची उणीव हा पुढचा अडथळा. शेतकीच्या पदवीधराचें रसायन व संख्याशास्त्र थोडेंबहुत झालेलें असतें, परंतु सेंद्रिय रसायन प्रयोगांसह, जीवरसायन व पदार्थविज्ञान हे अमेरिकेंत मागितले जाणारे विषय त्याच्या गुणपत्रिकेंत पुष्कळदां नसतात. वाणिज्य किंवा कला शाखेच्या मनुष्याला तर हे सर्व नव्यानें करावे लागतात. कांहीं विद्यालयें फार वर्षांपूर्वीं शिकलेले विषय मानीतच नाहींत. बत्तिसाव्या वर्षीं अर्ज करणाऱ्यानें ही अट अवश्य वाचावी. इंग्रजीच्या परीक्षेंत बहुधा सात गुणांची अपेक्षा असते.

सर्वांत अधिक लिहावयाचें तें अनुभवाविषयीं. कारण येथें शेतकऱ्याच्या मुलाचें पारडें खरोखर जड आहे, आणि तेंच तो कागदावर दाखवूं शकत नाहीं. विलायतेंतील शहरी मुलगा चार आठवडे गोठ्यावर जाऊन त्याचा दाखला आणतो. आमच्या मुलानें जन्मापासून शेणघाण काढली, धार काढली, अडलेल्या म्हशीपाशीं रात्र काढली, पोटफुगी झालेल्या बैलाला तेल पाजलें; पण त्याची एक ओळ कोठें लिहिलेली नसते. अमेरिकेच्या अर्जांत अनुभवाचे दोन निराळे रकाने असतात. घरचीं वा दुसऱ्याचीं जनावरें सांभाळण्याचा अनुभव एका रकान्यांत, व पशुवैद्याच्या देखरेखीखालीं केलेलें काम दुसऱ्या रकान्यांत, दोन्ही तासांच्या हिशेबानें. घरचा गोठा पहिल्या रकान्यांत जातो, दुसऱ्यांत कधींही नाहीं. ब्रिटिश विद्यालयेंही दवाखान्यांतील व दवाखान्याबाहेरील काम वेगळें विचारतात.

म्हणून ज्याला दोन वर्षांनीं अर्ज करावयाचा आहे त्यानें आजच एक वही घालावी. तींत तारीख, ठिकाण, किती तास, कोणतें जनावर, काय पाहिलें व स्वतः काय केलें, आणि देखरेख करणाऱ्या डॉक्टरांचें नांव व नोंदणी क्रमांक लिहावा. लाळ्या-खुरकुताची लस टोचण्याची फेरी, कृत्रिम रेतन, वार अडकलेली गाय, कासदाहाच्या दुधाची तपासणी, गोचीड-तापानें पडलेलें वासरूं, शेळ्यांना जंताचें औषध पाजणें, हें सर्व लिहिण्यासारखेंच आहे. २०२२ सालीं लंपीच्या सांथींत ज्यांनीं गांवोगांव हिंडून डॉक्टरांना मदत केली, त्यांनीं त्याचा दाखला अजून मिळतो कां तें पाहावें; असला अनुभव ब्रिटनमधील मुलाला घरीं बसून मिळणार नाहीं. एक सावधगिरी मात्र ठेवावी. आपल्याकडे अनेक गांवीं उपचाराचें काम पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक करतात. त्यांना कायद्यानें नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखालीं किरकोळ उपचारांची परवानगी आहे, व त्यांचे हात कित्येकदां फार कसलेले असतात. परंतु परदेशी विद्यालय ‘पशुवैद्य’ म्हणतें तें पदवीधर नोंदणीकृत डॉक्टरालाच. दाखला व शिफारसपत्र त्यांच्याकडूनच घ्यावें, आणि तें पत्र उमेदवाराला जवळून ओळखणाऱ्याचें असावें; मोठ्या हुद्देदाराचें चार ओळींचें कोरडें पत्र कामाला येत नाहीं.

पूर्वीचा उद्योग लपवूं नये. धंदा बदलणें या क्षेत्रास नवें नाहीं. हवेचा टायर काढणारा डनलॉप हा बेलफास्टचा पशुवैद्य होता व १८८८ च्या त्या शोधानंतर त्यानें गुरें सोडलीं. त्याचा प्रवास उलट दिशेचा, एवढेंच. दूध-संघांत दहा वर्षें फॅटचा हिशेब ठेवणाऱ्याला दुधाच्या दरावर गोठा कसा तगतो वा मोडतो हें ठाऊक असतें. कर्जखातें सांभाळणाऱ्याला जनावर मेल्यावर घराचें काय होतें तें ठाऊक असतें. हें ज्ञान अठरा वर्षांच्या मुलाजवळ नसतें. ब्रिटनच्या सामाईक अर्जांत २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निवेदनाऐवजीं तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं असतात: हाच विषय कां, शिक्षणानें त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलें. तिसऱ्या प्रश्नांत उद्योग बदलणाऱ्याची खरी शिदोरी आहे. ‘लहानपणापासून प्राण्यांची आवड’ हें वाक्य मात्र गाळावें. तें सर्वच लिहितात.

मुलाखतींत बहुधा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे पाठवून प्रत्येक ठिकाणीं कांहीं मिनिटांत एकेक प्रसंग पुढें ठेवतात. मालकाजवळ उपचाराला पैसे नाहींत व जनावर वांचण्यासारखें आहे, अशा वेळीं काय कराल, असे हे प्रश्न असतात. असाध्य दुखण्यांत जनावराला वेदनारहित मरण देणें हा तेथें रोजच्या कामाचा भाग आहे, व मांसाची तपासणी हा अभ्यासाचा. कत्तलखान्यांत जाणें त्यांत ओघानेंच येतें. ज्याच्या मनाला वा धर्माला हें मुळींच सोसणार नाहीं, त्यानें तेथें जाऊन अडून बसण्यापेक्षां विद्यालयास आधींच विचारून घ्यावें.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकांत नसते. तेथील धंद्याचा मोठा भाग कुत्रीं-मांजरें यांचा आहे. म्हशीची ओळख फारच थोडी होते. लाळ्या-खुरकूत ब्रिटनमध्यें २००१ सालीं शिरला तेव्हां साठ लाखांहून अधिक जनावरें मारून तो हटविण्यांत आला. २००७ च्या लहान उद्रेकानंतर तो तेथें नाहीं. अमेरिकेंत तो १९२९ पासून नाहीं, ऑस्ट्रेलियांत १८७२ पासून. आपल्या गोठ्यांत दरसाल ज्याची धास्ती, तो रोग तेथील विद्यार्थी पुस्तकांतच पाहतो. परत येऊन खेड्यांत काम करूं इच्छिणाऱ्यानें सुट्ट्यांतील उमेदवारीपैकीं जेवढी विद्यालय मान्य करील तेवढी येथें, म्हशींच्या व शेळ्यांच्या मुलखांत, करावी.

आतां पैसा. ब्रिटनमध्यें परदेशी विद्यार्थ्याची फी बहुतेक ठिकाणीं वर्षास ३०,००० पौंडांहून अधिक आहे, व पौंड शंभर रुपयांच्या वर गेला आहे. म्हणजे चार वर्षांची नुसती फीच सव्वा कोटीच्या घरांत, राहणें-खाणें निराळें. अमेरिकेंत फीच पुष्कळ ठिकाणीं दोन लाख डॉलरांच्या पुढें जाते. शैक्षणिक कर्जास साडेसात लाखांपुढें बँका साधारणतः तारण मागतात, व शेतजमीन तारण म्हणून घेण्यास पुष्कळ बँका राजी नसतात. मग घर अडकतें, नाहींतर रान विकलें जातें. शिकत असतां व्याज चढत राहतें. तिसाव्या वर्षीं निघालेला मनुष्य तयारीचीं दोन व शिक्षणाचीं चार वर्षें धरून छत्तिसाव्या वर्षीं कमावूं लागणार; तोंवर आईबापांचें, बायकोमुलांचें कसें चालेल याचा आंकडा कागदावर मांडून सर्वांसमोर वाचावा. हें कर्ज येथील खेड्यांतल्या दवाखान्याच्या उत्पन्नांतून फिटणारें नाहीं. तें फेडावयाचें तर परदेशींच कांहीं वर्षें नोकरी करावी लागेल, व तेव्हां व्हिसाचे नियम काय असतील हें आज कोणी लिहून देत नाहीं. भावांची सामाईक जमीन असेल तर सर्व भावांची संमति घेतल्याशिवाय तिला हात लावूं नये.

मुदती येणेंप्रमाणें. ब्रिटनचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत पोहोंचला पाहिजे. प्रवेश पुढील वर्षाच्या सप्टेंबराच्या सुमारास. त्या अर्जांत पांचांपैकीं चारच जागा पशुवैद्यकीसाठीं भरतां येतात, पांचवी दुसऱ्या विषयासाठीं. अमेरिकेचा सामाईक अर्ज सप्टेंबरच्या मध्यास बंद होतो. भारतीय गुणपत्रिकांचें तेथील पद्धतीनें मूल्यांकन करून घ्यावें लागतें व विद्यापीठाकडून मोहोरबंद प्रती मिळण्यास वेळ लागतो, तेव्हां तें काम उन्हाळ्यांतच हातीं घ्यावें. पशुवैद्यक परिषदेस लिहावयाचें पत्र त्याच्याही आधीं जावें.