धोंडू ते अथर्व : मुलांच्या नावांचा प्रवास

पणजोबा धोंडू, आजोबा वसंत, वडील सचिन आणि मुलगा अथर्व, अशी नावांची परंपरा अनेक मराठी कुटुंबांत आढळते. या चार नावांत शतकभराचा सामाजिक इतिहास सामावलेला आहे.

पूर्वी नातवाला आजोबांचे नाव देण्याची रीत होती. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे नातू बाळाजी बाजीराव झाले, तर पहिल्या बाजीरावांचे नातू दुसरे बाजीराव. मात्र ज्या घरात मुले जगत नसत, तेथे वेगळाच विचार होई. गोंडस नावाच्या बाळाला दृष्ट लागेल, या भीतीने त्याचे नाव धोंडू, दगडू, केरू किंवा कचरू असे ठेवले जाई. नाव जितके क्षुद्र, तितके मूल सुरक्षित, अशी ती व्याकूळ मातापित्यांची श्रद्धा होती.

विसाव्या शतकात शिक्षणाबरोबर अभिरुचीही बदलली. वसंत, शरद, हेमंत ही ऋतूंची नावे पाळण्यात आली. स्वातंत्र्य चळवळीच्या काळात सुभाष, जवाहर ही नावे कौतुकाने ठेवली गेली. पुढे संगीताचाही प्रभाव पडला. कवी रमेश तेंडुलकर यांनी १९७३ साली जन्मलेल्या आपल्या पुत्राचे नाव संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवले आणि क्रिकेटमुळे तेच नाव घरोघरी पोहोचले.

आज अथर्व, वेदांत, आरव अशा संस्कृत वळणाच्या नावांना पसंती आहे. आपल्या बाळाचे नाव इतरांहून निराळे असावे, ही आजच्या पालकांची इच्छा. या निवडीमागे एक मोठे परिवर्तन आहे. भारतात १९७१ साली दर हजार जन्मांमागे १२९ अर्भके वर्षभरात दगावत. २०२० साली हे प्रमाण २८ वर आले. भीती ओसरली, तशी 'दगडू'ची गरजही सरली.

नाव निवडल्यावर त्याची नोंदही वेळेत व्हावी. जन्मनोंदणीच्या वेळी नाव ठरले नसेल, तर बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क नोंदविता येते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाच्या नावानंतर आईचे नाव लिहिले जाते. घरी हाक कोणतीही असो, जन्मदाखला, शाळा आणि बँक खाते यांतील नाव अक्षरशः एकच असावे. नाव निवडताना घेतलेली काळजी ते लिहितानाही घेतल्यास मुलांची पुढील धावपळ वाचेल.