रेडियमच्या दुकानातली देवनागरी

दिल्लीत लाल दिव्यापाशी थांबलं की वाचायला पुष्कळ मिळतं. पुढच्या गाडीच्या काचेवर भगव्या-काळ्या रंगातला करारी हनुमान, शेजारच्या ई-रिक्षावर ‘माँ का आशीर्वाद’, टेम्पोवर दुकानाचं नाव, मोटरसायकलच्या टाकीवर कुणाचं तरी गोत्र. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद, सगळीकडे हेच वाचन. आणि यातलं बहुतेक सगळं एकाच जातीच्या यंत्रातून निघालेलं असतं.

जरा निरखून पाहिलं तर यातल्या बऱ्याच शब्दांची शिरोरेषा तुटलेली दिसते. दोन अक्षरं जिथे भेटतात तिथे बारीक चीर असते. काही महिन्यांत ती उघडते, तिच्यात धूळ शिरते, कडा उचलली जाते आणि एक दिवस ‘आशीर्वाद’मधली वेलांटी गळून पडते. दोष उन्हाला किंवा गाडी धुणाऱ्याला दिला जातो. खरं तर स्टिकर काचेला लागण्याआधीच, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, हे काम बिघडलेलं असतं.

करोल बागेतल्या नाईवाला गल्लीत किंवा काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात ‘रेडियम कटिंग’ अशा पाट्या दिसतात. त्या चकाकणाऱ्या कागदात रेडियम औषधालाही नसतं. असतं ते विनाईल, म्हणजे पीव्हीसीचा पातळ रंगीत पापुद्रा, खाली गोंद आणि त्याखाली गुळगुळीत कागद. कापणारं यंत्र म्हणजे कटिंग प्लॉटर. बाहेरून तो प्रिंटरसारखा दिसतो, पण त्यात शाई नसते. रूळ विनाईल पुढेमागे सरकवतात आणि त्यावरून डावीउजवीकडे एक बारीक सुरी फिरते. तिने वरचा पापुद्रा कापायचा आणि खालचा कागद शाबूत ठेवायचा, एवढंच काम. म्हणून चांगला कारागीर मोठं काम लावण्याआधी कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून बघतो. तो सहज सुटून आला आणि कागदावर नुसता ओरखडा उठला, तर सुरीचा दाब बरोबर.

या सुरीची भाषा फार गरीब आहे. पूर्वी नकाशे आणि इमारतींचे आराखडे काढायला पेन धरणारे प्लॉटर होते. त्यांच्यासाठी ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने एचपीजीएल नावाची आज्ञावली केली. पेन उचल, पेन टेकव, अमुक बिंदूपर्यंत जा, असा तिचा सगळा कारभार, आणि मोजमाप मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागात. पुढे पेनाच्या जागी सुरी आली. व्हिएन्नात जन्मलेले आणि नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत गेलेले जोसेफ गर्बर यांच्या कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पाट्यांची अक्षरं कापणारं यंत्र बाजारात आणलं आणि पेंटरच्या धंद्याला पहिला धक्का बसला. आजच्या स्वस्त यंत्रांतही बहुतांशी तीच जुनी आज्ञावली चालते. तिला रंग कळत नाही, छाया कळत नाही, अक्षर तर नाहीच नाही. तिला कळते फक्त रेषा.

त्यामुळे सॉफ्टवेअरचं खरं काम म्हणजे दिसणाऱ्या चित्रातून कापायची रेषा काढणं. मोबाइलवरचा फोटो घेऊन ‘हाच कापून द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक रोज येतं. फोटो म्हणजे ठिपक्यांचा समूह, त्यात रेषा नसते. ट्रेस करून ती काढता येते, पण यंत्राने आपोआप केलेल्या ट्रेसमध्ये एका साध्या वळणावर शेकडो बिंदू पडतात आणि सुरी थरथरत चालल्यासारखी कड कातरते. मग कुणीतरी बसून ते बिंदू कमी करायचे. तो करारी हनुमान देशभर का पसरला, याचं एक कारण मला इथेच दिसतं. कासरगोडचे चित्रकार करण आचार्य यांनी तो २०१५ मध्ये काढला. दोन रंग, ठाम कडा, कुठेही विरत जाणारी छाया नाही. प्लॉटरला याहून सोयीचं चित्र मिळणं कठीण.

इथवरची गोष्ट जगात कुठेही लागू पडते. देवनागरी आली की प्रकरण वेगळं होतं.

रोमन लिपीतलं अक्षर सुटं उभं असतं. त्याची कड कापली की काम झालं. देवनागरीत फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं. ते तुकडे शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेले असतात, म्हणून पडद्यावर आणि छपाईत रेषा सलग दिसते. काळ्यावर काळं चढलं तर डोळ्याला काय कळणार? सुरीला मात्र कळतं. ती प्रत्येक अक्षराची पूर्ण कड इमानाने कापते, म्हणजे शिरोरेषेतल्या प्रत्येक सांध्यावर चिरा पाडते. मात्रा, वेलांटी, रफार यांचंही तेच, कारण तेही बहुधा स्वतंत्र आकार असतात.

उपाय सोपा आहे. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत कोरलड्रॉ चालतं. तिथे मजकूर आधी कर्व्हमध्ये बदलायचा, म्हणजे अक्षराचा आकार होतो. मग सगळा शब्द निवडून ‘वेल्ड’ करायचा. एकमेकांवर चढलेल्या कडा विरघळतात आणि शब्दाची एकच बाह्यरेषा उरते. नवखा मुलगा घाईत ‘वेल्ड’ऐवजी ‘कम्बाइन’ दाबतो. त्यात आकार एकत्र बांधले जातात खरे, पण जिथे ते एकमेकांवर चढतात तिथे भोक पडतं. याची खात्री करायला ‘वायरफ्रेम’ नावाचं दर्शन असतं. त्यात रंग गायब होतात आणि सुरी जे पाहते तेच आपल्याला दिसतं. इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हेच काम ‘युनियन’ करतं, आणि त्यात युनिकोडमधली जोडाक्षरंही नीट बसतात.

हा सांध्याचा त्रास नवा नाही. शिशाचे खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हाही दोन खिळ्यांच्या मध्ये शिरोरेषा तुटायची. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक झाला तो देखण्या टंकांमुळे आणि नेटक्या जुळणीमुळे. पेंटरला मात्र हा प्रश्न कधी पडलाच नाही. तो आधी रेष आखतो आणि मग तिला अक्षरं टांगतो. यंत्र आधी अक्षरं मांडतं आणि रेषा त्यातून आपोआप होईल असं धरून चालतं. दिल्लीच्या पेंटरांची अक्षरं फॉन्टमध्ये उतरवण्याचा ‘हँडपेंटेडटाइप’ नावाचा प्रकल्प हनीफ कुरेशी यांनी चालवला होता. लोधी कॉलनीच्या भिंती रंगवणाऱ्या ‘स्टार्ट इंडिया’ संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. सप्टेंबर २०२४ मध्ये ते अकाली गेले. ज्या फॉन्टने पेंटरचं पोट मारलं त्याच फॉन्टच्या रूपात पेंटरचा हात जपायचा, ही त्यांची कल्पना मला आजही मोठी वाटते.

दुसरी अडचण टायपिंगची. उत्तर भारतातल्या दुकानांत कृतिदेव हा फॉन्ट अजून ठाण मांडून बसला आहे. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, १९९१च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण दुकानातल्या मुलाच्या बोटांना टाइपरायटरची जुनी कळमांडणी सवयीची, आणि कोरलच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोडची जोडाक्षरं फुटायची. कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेला देवनागरी मुखवटा. ‘दिल्ली’ लिहायची तर एफ, एन, मोठा वाय, धाकटा वाय, एच अशा कळा दाबायच्या. वेलांटी आधी, द नंतर. आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ‘दिल्ली’ युनिकोडमध्ये असतं. त्याला कृतिदेव लावला तर काही जुळत नाही. मग दुकानदार कन्व्हर्टर वापरतो किंवा पाहून नव्याने टाइप करतो, आणि चुका नेमक्या इथे शिरतात. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी घडवला. म्हणजे लाखो दिल्लीकरांनी कॉम्प्युटरवर पाहिलेली हिंदी एका मराठी माणसाच्या वळणाची होती. करोल बागेत हे कुणाला सांगून उपयोग नाही.

मराठी माणसाची तिसरी अडचण तर खास त्याचीच. ल आणि श. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले. हिंदी फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श देतो. दोन्ही रूपांचा युनिकोड क्रमांक एकच. फरक फॉन्टच्या आत दडलेला असतो आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरने सांगितलं तरच तो बाहेर येतो. सगळी सॉफ्टवेअरं ते सांगत नाहीत. शिवाय ‘वाऱ्यावर’मधला र: हिंदीला तो लागत नाही, म्हणून दिल्लीच्या दुकानात तो शोधावा लागतो आणि सापडला नाही की ‘वार्‍यावर’चं थेट ‘वार्यावर’ होतं. ‘ळ’चा ‘ल’ करणारेही आहेत. २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ला दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियमवर ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याआधी दिल्लीत संमेलन झालं होतं ते १९५४ मध्ये, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली. मधल्या सत्तर वर्षांत कुंचल्याची जागा सुरीने घेतली. मराठी पाटी दिल्लीत करून घ्यायची तर मजकूर तपासायला मराठी माणूस उभा राहावा लागतो, यात मात्र बदल नाही.

कापून झाल्यावर नको असलेलं विनाईल सोलायचं असतं. हे हाताचं काम, आणि सगळ्यात चिकाटीचं. अनुस्वार, नुक्ता, ‘श्री’तली बारीक टोकं सोलताना त्याच्याबरोबरच निघून येतात. अक्षर बोटाच्या पेरापेक्षा लहान असेल तर चांगला कारागीर आधीच सांगतो की अनुस्वार टिकणार नाही, तो जरा मोठा करू. मग वरून चिकटपट्टीचा पारदर्शक थर लावून सगळा शब्द एकदम उचलायचा, काचेवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा आणि पाणी दाबून बाहेर काढायचं. काचेच्या आतून लावायचं असेल तर अक्षरं उलटी कापावी लागतात.

दिल्लीच्या रस्त्यांवरच्या फलकांत हिंदी, इंग्रजी, पंजाबी आणि उर्दू अशा चार भाषा असतात. अनेक हिरव्या फलकांत अक्षर चिकटवलेलं नसतं, हिरव्या पारदर्शक फिल्ममधून ते कापून काढून टाकलेलं असतं आणि खालचा परावर्तक पांढरा थर दिसतो. पंजाबीच्या गुरुमुखीलाही शिरोरेषा आहे, म्हणजे दुखणं तेच. उर्दूच्या नस्तालीकमध्ये अक्षरं तिरपी एकमेकांवर उतरतात, ते दुखणं त्याहून मोठं. त्यावरचं इनपेज हे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये दिल्लीच्याच एका कंपनीने आणलं.

कायद्याचंही थोडं पाहिलं पाहिजे, कारण या दुकानांचा मोठा धंदा कायद्याने नेला. १ एप्रिल २०१९पासून तयार होणाऱ्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. तिच्यावरची अक्षरं धातूत उठवलेली असतात. मोटारीसाठी उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि मधलं अंतर १०, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. नक्षीदार आकड्यांना जागा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली-एनसीआरसाठी इंधनानुसार रंगीत स्टिकर मान्य केले, पेट्रोल आणि सीएनजीला फिका निळा, डिझेलला नारिंगी. तेही होलोग्रामचे, गल्लीत कापता न येणारे.

उरला काचेवरचा मजकूर. उत्तर प्रदेशच्या परिवहन विभागाने डिसेंबर २०२० मध्ये गाडीवर जात मिरवणाऱ्यांवर कारवाईचा आदेश काढला, तो महाराष्ट्रातल्या एका शिक्षकाच्या तक्रारीवरून. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्य सरकारने पुन्हा तशाच सूचना दिल्या. यमुनेपलीकडे नोएडात आणि गाझियाबादेत शिरताना कुणाच्या काचेवर काय आहे, हा त्यामुळे दंडाचाही प्रश्न आहे. मला विचाराल तर जात काचेवर लावायचं कारणच नाही, शिरोरेषा कितीही सलग असली तरी.

माल निवडताना दोन प्रकार लक्षात ठेवावे. रुळांखाली लाटून केलेलं विनाईल स्वस्त असतं, पण लाटताना पडलेला ताण त्याच्यात राहतो आणि दिल्लीच्या मे महिन्यात ते आक्रसू लागतं. ओतून केलेलं महाग, जास्त पातळ आणि गोलाईवर नीट बसणारं. सपाट काचेला आणि दाराच्या पाटीला पहिलं चालतं, बोनेटला किंवा हेल्मेटला दुसरंच घ्यावं.

गणपतीच्या मंडळाची किंवा घराच्या दाराची पाटी करून घ्यायला जाल तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये घेऊन जा आणि छापील नमुनाही सोबत ठेवा, म्हणजे ल, श, ळ बोट ठेवून दाखवता येतील. कापण्याआधी पडद्यावर वायरफ्रेम दाखवायला सांगा. शिरोरेषेत उभ्या रेघा दिसल्या तर ‘वेल्ड कर दो, भैया’ म्हणा. त्याला मिनिटभरही लागत नाही, आणि त्याचे वेगळे पैसे कुणी घेत नाही.